भाटा : रायपूरच्या ‘पडीत’ जमिनीची कथा

रायपुरात नोकरीनिमित्त राहू लागल्यास आम्हास आता बरीच वर्षे झाली. नोकरी केंद्र सरकारची, काम कारकुनीचे. तेव्हा सहा दिवस कागदांची संगत आणि रविवारी पायांस मोकळीक, असा आमचा क्रम आहे. अशाच एका रविवारी माना गावाच्या बाजूस रस्ता सोडून आम्ही एका उंचवट्यावर गेलो. आश्विनाचे दिवस होते. खालच्या बांध्यांत धान पिवळे पडू लागले होते. वर मात्र तांबडा मुरूम, अधूनमधून उघडा पडलेला खडक, आखूड गवत आणि त्यावर चरणारी गावाची गुरे. गुरे राखणाऱ्या वृद्ध राऊतास आम्ही विचारले, “बाबा, या जमिनीत काय पिकते?” तो हसून म्हणाला, “ए तो भाटा ए बाबू, इहां का होही!” आम्हीही हसलो. परंतु परतताना मनात आले की, जेथे काहीच होत नाही तेथे साऱ्या गावाची गुरे का यावीत? त्या प्रश्नाने आम्हास जुन्या महसुलाच्या इतिहासाकडे वळविले.

छत्तीसगढचा शेतकरी जमिनीच्या चार मुख्य जाती मानतो. सर्वांत खाली, ओढ्यानाल्यांच्या काठी, काळी व खोल ती कन्हार. तिच्या वर काळ्या-पिवळ्या मिश्रणाची डोरसा. त्याहून वर पिवळट, हलकी मटासी. आणि माथ्यावर भाटा. आपल्या देशावरील शेतकरी जिला मुरमाड किंवा बरड म्हणतो, तिचीच ही बहीण. ही उतरंड योगायोगाची नव्हे. रायपुराकडे वर्षाकाठी सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. शतकानुशतके या पाण्याने माथ्यावरील बारीक माती धुऊन खाली नेली. वर राहिले ते लोहयुक्त खडे व मुरूम. जमिनीचा तांबडा रंग त्या लोहाचाच. हिचा थर कोठे वीतभर, तर कोठे तेवढाही नाही. पाणी क्षणभर न थांबता निचरून जाते, सेंद्रिय अंश थोडा, नत्र व स्फुरद त्याहून थोडे. धानाला बांधीत उभे पाणी लागते. ते येथे राहतच नाही. म्हणून भाट्यावर कोणी काही पेरलेच तर कोदो, कुटकी, तीळ अशी काटक पिके, एरवी गवत.

आता इतिहासाकडे वळू. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून आले आणि हैहय राजांची सत्ता नावापुरती उरली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून प्रत्यक्ष कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये ते निवर्तल्यावर सुभेदारांची राजवट सुरू झाली. या काळी आकारणी मोजलेल्या जमिनीवर नसून नांगरावर असे. गावात नांगर किती चालतात, यावर गावाचा वसूल ठरे आणि गौंटिया तो रयतेकडून गोळा करी. या पद्धतीचे दोष पुष्कळ होते. सुभेदारांच्या काळी रयतेवर भार वाढला, हेही नाकारता येत नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जेथे नांगर चालत नाही, ती जमीन या हिशेबात येतच नसे. भाटा सरकारच्या लेखी नव्हता, म्हणूनच तो निर्वेधपणे गावाचा होता.

त्याच काळापासून चालत आलेली ‘लाखाबाटा’ नावाची चाल तर याहून मनोरंजक आहे. काही वर्षांनी गावची शेते पुन्हा वाटावयाची आणि प्रत्येक कुळास चांगल्या जमिनीतला व हलक्या जमिनीतलाही वाटा द्यावयाचा, अशी ही रीत. एकट्याच्या वाट्यास सारी कन्हार यावी आणि दुसऱ्याने माथ्यावर कपाळ फोडावे, असे होऊ नये, हा तिचा हेतू. जमिनीची विषमता निसर्गाने केली, तिचा भार मात्र साऱ्या गावाने वाहावा, हे शहाणपण अक्षरशत्रू कुणब्यांनी दाखविले होते.

१८१८ मध्ये कर्नल अग्न्यू यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होताच कायमचा इंग्रजांकडे आला. त्यानंतरच्या बंदोबस्तांनी दोन मोठे फेरफार केले. पहिला असा की, गौंटिया हा मालगुजार, म्हणजे गावाचा मालक ठरला आणि कुळांचे हक्क ज्याच्या त्याच्या शेतापुरते बांधले गेले. लाखाबाटा हळूहळू बंद पडला. दुसरा असा की, जमिनीची प्रत आकड्यांत मांडली जाऊ लागली. मुंबई इलाख्यात १८३५ पासून इंदापूर तालुक्यात या शास्त्राचा आरंभ झाला होता. तेथे मातीची खोली, रंग व दोष पाहून उत्तम शेतास सोळा आणे आणि इतरांस त्या मानाने कमी धरीत. मध्यप्रांतात १८८० नंतर प्रत्येक जातीच्या मातीस गुणांक देण्याची पद्धत आली. या कोष्टकात भाटा तळाशी गेला.

हे आकडे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. धानाच्या मापाने मोजले तर भाट्याची किंमत तेवढीच. प्रश्न मापाचा आहे. माथ्यावर पडून वाहणारे पाणी खालच्या तळ्यांत जाते, आणि छत्तीसगढचे प्रत्येक गाव तळ्याच्या आधाराने जगत आले. जे मुरमातून झिरपते ते खालच्या विहिरींस मिळते. पावसाळ्यात शेते धानाखाली गुंतलेली असता गुरांना उभे राहावयास कोरडी जागा हीच. आणि कोदो तर असे धान्य की, नीट साठविले असता वर्षानुवर्षे टिकते. धान बुडालेल्या साली गरिबाच्या घरी चूल पेटते ती त्याच्यावर. यांतील एकाही गोष्टीस बंदोबस्ताच्या कोष्टकात रकाना नव्हता. तेथे भाट्यापुढे शब्द एकच : पडीत.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि मालगुजारांच्या ताब्यातील पडीत जमिनी सरकारकडे आल्या. १९५९ च्या भूराजस्व संहितेने गावोगाव निस्तारपत्रक करून चराई, जळण इत्यादी हक्क लिहून ठेवण्याची तरतूद केली. कायदा चांगला होता. परंतु कोठे विमानतळ, कोठे छावणी, कोठे वसाहत, अशी मोठी जागा हवी झाली की नजर प्रथम माथ्यावर जाते. तेथे पीक बुडत नाही, पाणी साचत नाही, पाया पक्का लागतो. १९६४ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना मानाच्या छावणीने आसरा दिला. ते पुण्यकर्मच होते. २००० मध्ये छत्तीसगढ राज्य झाले आणि पुढे शहराच्या पूर्वेस नवी राजधानी उभी राहिली. राजधानी नको असे कोण म्हणेल? परंतु माथा फरसबंद झाला की खालच्या तळ्याचे काय, हा प्रश्न नकाशात दिसत नाही.

आम्ही स्वतः कारकून आहो. एखाद्या रकान्यात कोणता शब्द लिहिला जातो, यावर पुढे किती गोष्टी ठरतात, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? भाटा खडकाळ आहे म्हणून गेला नाही. ‘पडीत’ या शब्दाखाली गेला. आपण बृहन्महाराष्ट्रातील मंडळी या मुलखात भोसल्यांची मंदिरे व वाडे शोधीत हिंडतो, ते योग्यच आहे. पण भोसल्यांच्या चोपडीत जी जमीन उतरलीच नाही, तीही या इतिहासाचा भाग आहे.

राऊताच्या प्रश्नार्थक उत्तरास त्या दिवशी आम्हाजवळ प्रत्युत्तर नव्हते. आज ते आहे. भाट्यावर काय होते? गावाची गुरे होतात, गावाचे तळे होते. पुन्हा भेटला तर त्यास सांगू. तो बहुधा पुन्हा हसेल. कारण हे त्यास आमच्या आधीपासून ठाऊक असणार.