साधन-फाइल

संगणकाला जोडलेली तबकडी, मुद्रक, चुंबकीय फीत, टर्मिनल इ. साधने परिचालन प्रणालीत ज्या विशेष फाइलींच्या द्वारे ओळखली व वापरली जातात, त्यांना साधन-फाइली म्हणतात. साधन-फाइल नावावरून व परवानग्यांवरून इतर फाइलींसारखीच दिसते. परंतु तीत मजकूर साठविलेला नसतो. तिच्या नोंदीत साधनाचा प्रकार, म्हणजे देवघेव खंडशः होते की अक्षरशः, आणि दोन क्रमांक असतात. प्रमुख क्रमांकावरून काम कोणत्या ड्रायव्हरकडे सोपवावयाचे हे ठरते, तर दुय्यम क्रमांकावरून त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील नेमके साधन कळते. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड परिसरात २००५ व २०१९ च्या महापुरांत शेते पाण्याखाली गेली, तरी सातबाऱ्यावरील गट क्रमांक जागचे हलले नाहीत. साधन-फाइलीचेही काहीसे असेच आहे. साधन नाहीसे झाले तरी नोंद राहू शकते. शेत मात्र पूर ओसरल्यावर परत मिळते, काढून नेलेले साधन मिळेलच असे नाही. नोंद आणि वस्तू यांचा मेळ कसा राखावयाचा, हाच या फाइलींच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

आरंभीच्या संगणकांवर प्रत्येक साधनासाठी वेगळ्या सूचना लिहाव्या लागत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या काळच्या फोर्ट्रान कार्यक्रमांत फीत किंवा मुद्रक यांचा उल्लेख केवळ एकक-क्रमांकाने होई. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी रचलेल्या युनिक्स प्रणालीने ही पद्धत बदलली. तिच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच विशेष फाइलींचा स्वतंत्र विभाग आहे. या फाइली ‘डेव्ह’ या निर्देशिकेत ठेवीत. १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात दोघांनी या योजनेचे तीन लाभ सांगितले : फाइल व साधन यांच्याशी होणारी देवघेव शक्य तितकी सारखी होते, दोहोंची नावे एकाच रीतीने देता येतात आणि दोहोंना एकच संरक्षणव्यवस्था लागू पडते. यांपैकी तिसरा लाभ कमी लेखला जातो. वस्तुतः तबकडी कोणी वाचावी हे ठरविण्यासाठी निराळी यंत्रणा उभारावी लागली नाही, हे फार मोठे यश होते.

टर्मिनलची साधन-फाइल मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरली. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक, स्थापना १९८८) जिस्ट टर्मिनले युनिक्स यंत्रांना जोडता येत. इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात रोमन अक्षरे संकेतावलीच्या खालच्या अर्ध्या भागात, तर देवनागरी अक्षरे वरच्या भागात आहेत. त्यामुळे देवनागरीसाठी आठही बिटे आवश्यक असतात. टर्मिनलचा ड्रायव्हर आठवे बिट गाळण्याच्या स्थितीत ठेवलेला असेल, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. दोष लिपीचा किंवा टर्मिनलचा नसे, साधनाच्या मांडणीचा असे.

जुन्या युनिक्समध्ये साधन-फाइली व्यवस्थापक स्वतः आज्ञा देऊन निर्माण करी. साधने मोजकी असेपर्यंत हे चालले. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभलेल्या लिनक्समध्ये मात्र संभाव्य साधनांसाठी आधीच फाइली करून ठेवण्याची पद्धत पडली, आणि यंत्रात नसलेल्या वस्तूंच्या नावांनी निर्देशिका भरून गेली. शिवाय क्रमांकांना प्रत्येकी आठच बिटे असल्याने प्रमुख क्रमांक २५६ पेक्षा अधिक होऊ शकत नसत. सोलारिस प्रणालीने वेगळा मार्ग काढला : यंत्राच्या प्रत्यक्ष जोडणीचे प्रतिबिंब दाखविणारा वृक्ष एकीकडे व त्याकडे निर्देश करणारी सोयीची नावे दुसरीकडे. सी-डॅकचा १९९८ चा परम १०००० हा महासंगणक याच प्रणालीवर चाले.

लिनक्समध्ये रिचर्ड गूच यांची डेव्हएफएस ही योजना २००० मध्ये आली. तीत गाभाच, म्हणजे कर्नलच, साधन सापडताच फाइल निर्माण करी. परंतु नावे ठरविण्याचे धोरण गाभ्यात असणे अनेकांना मान्य झाले नाही व २००६ मध्ये ती काढून टाकण्यात आली. तिच्या जागी ग्रेग क्रोआ-हार्टमन प्रभृतींची २००३ मधील युडेव्ह ही योजना रुजली. साधन जोडले अथवा काढले गेले की गाभा केवळ वर्दी देतो. गाभ्याबाहेरील कार्यक्रम लिखित नियम पाहून नाव, मालकी व परवानगी ठरवितो. क्रमांकांसाठीही आता अनुक्रमे बारा व वीस बिटे मिळाली. २००९ मध्ये आलेल्या डेव्हटीएमपीएफएसमुळे मूळ फाइली पुन्हा गाभा करू लागला, पण धोरण बाहेरच राहिले. ही तडजोड जुन्या वादाला न्याय देणारी म्हणावी लागेल.

तबकड्यांची मूळ नावे मात्र त्या सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असतात. नवी तबकडी जोडून यंत्र पुन्हा सुरू केल्यास हा क्रम बदलू शकतो आणि नावावर विसंबून दिलेली पुसण्याची आज्ञा भलत्याच तबकडीवर चालते. म्हणून युडेव्ह तबकडीचा अनुक्रमांक, फाइल-व्यवस्थेचा अभिज्ञापक इत्यादींवरून आणखी स्थिर नावे तयार करतो व ती त्या वेळच्या साधन-फाइलीशी जोडून ठेवतो.