कोणत्याही कंपनीची एसएसडी कॉम्प्युटरला कशी ओळखू येते? एनव्हीएमई म्हणजे काय?

बोदवडच्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमधला पीसी संथ झाला की दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो, 'एसएसडी टाका.' मग भुसावळ किंवा जळगावहून एसएसडी येते. कंपनी कोणतीही असो, बहुतेक वेळा ती सीडी किंवा वेगळा ड्रायव्हर न टाकता चालते. कधी मात्र विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. या दोन्हींमागचं कारण एकच आहे, ते म्हणजे डिस्कशी बोलण्याची ठरलेली भाषा.

कर्नलचा इथे काय संबंध?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. फाइल उघडायची असेल तर अ‍ॅप थेट डिस्ककडे जात नाही, ते कर्नलला सांगतं. कर्नल ड्रायव्हरमार्फत डिस्कला आदेश देतो. हे आदेश कसे लिहायचे आणि उत्तर कुठे मिळेल, याचे नियम म्हणजे इंटरफेस.

आधी काय अडचण होती?

२००४ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने साटा डिस्कसाठी एएचसीआय हे मानक आलं. ते फिरत्या हार्ड डिस्कचा विचार करून बनलं होतं. त्यात प्रत्येक पोर्टला आदेशांची एकच रांग आणि त्या रांगेत जास्तीत जास्त ३२ आदेश. वेगवान एसएसडीला हे अपुरं पडू लागलं.

म्हणून फ्यूजन-आयओसारख्या कंपन्यांनी पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी कार्डं आणली, पण प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. कर्नलची नवी आवृत्ती आली की कंपनीने ड्रायव्हर दुरुस्त करेपर्यंत ग्राहकाने थांबायचं.

कर्नलने नवं मानक कसं स्वीकारलं?

१ मार्च २०११ रोजी एनव्हीएमईची पहिली आवृत्ती जाहीर झाली. यात सुमारे ६५ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत तितकेच आदेश ठेवता येतात. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळू शकते.

इंटेलमधले मॅथ्यू विलकॉक्स यांनी लिहिलेला ड्रायव्हर मार्च २०१२ मध्ये लिनक्स ३.३ सोबत आला. हा ड्रायव्हर आधी कंपनीचं नाव विचारत नाही. प्रत्येक उपकरण स्वतःचा वर्ग सांगणारा एक कोड देतं. एनव्हीएमईचा कोड आहे ०१-०८-०२. तो जुळला की ड्रायव्हर कामाला लागतो. नियम नीट न पाळणाऱ्या काही मॉडेलसाठी मात्र त्यात अपवादांची वेगळी यादी ठेवावी लागते.

पण ड्रायव्हर आला म्हणून काम संपलं नाही. कर्नलच्या आतली जुनी व्यवस्था सगळे आदेश एकाच रांगेतून नेत होती. म्हणजे बाहेर चौपदरी रस्ता आणि आत एकच फाटक. जानेवारी २०१४ च्या लिनक्स ३.१३ मध्ये अनेक रांगांची व्यवस्था आली आणि पुढे एनव्हीएमई ड्रायव्हरही तिच्यावर नेण्यात आला.

विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ आवृत्तीपासून हा ड्रायव्हर आतच मिळतो. विंडोज ७ च्या मूळ डिस्कमध्ये तो नाही.

मग डिस्क कधी कधी दिसत का नाही?

इंटेलच्या ११व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते. ती एसएसडीला स्वतःच्या मागे घेते. त्यामुळे विंडोज १० टाकताना डिस्क दिसत नाही. अशा वेळी डिस्क खराब आहे असं समजून बदलू नका, पेनड्राइव्हवरून इंटेलचा ड्रायव्हर द्या. विंडोज आधीच टाकलेलं असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी एकदम बंद करू नका, कॉम्प्युटर सुरू होणं थांबू शकतं.

विकत घेताना काय बघाल?

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटा आणि एनव्हीएमई, दोन्ही प्रकारच्या एसएसडी मिळतात. आपला स्लॉट कोणता प्रकार घेतो, हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत बघा. पीसी जुना असेल तर त्याचा बायोस एनव्हीएमईवरून सुरू होतो का, हेही विचारून घ्या. कारण कर्नलला भाषा येत असली तरी कर्नल सुरू होण्याआधी डिस्कशी बोलायचं काम बायोसचं असतं.