प्रेमवाचक इंग्रजी शब्द

प्रेम, स्नेह, ओढ, आसक्ती या भावनांसाठी इंग्रजीत रूढ असलेले शब्द. काही अँग्लो-सॅक्सन काळापासूनचे. काही 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे आलेले, मुळात लॅटिन. इंग्रजी व मराठी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या असल्याने यांतल्या काहींची भावंडे मराठीत सापडतात.

लव्ह : जुने रूप ‘लुफू’. संस्कृत ‘लुभ्’ धातूशी सगोत्र, त्यावरूनच ‘लोभ’. मराठीत लोभ षड्रिपूंत मोडतो, पण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहिताना त्याचा अर्थ स्नेह हाच.

फ्रेंड : मूळ अर्थ ‘प्रेम करणारा’. प्रिय, प्रेम व प्रीती हे याचे सगोत्र शब्द. फ्रिग या देवतेचे नावही याच मुळाचे, तिच्यावरून ‘फ्रायडे’.

चॅरिटी, चेरिश : लॅटिन ‘कारुस’ (प्रिय, महाग) यापासून. संस्कृत ‘काम’ याच्याशी सगोत्र. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात 1611 च्या इंग्रजी बायबलने ‘चॅरिटी’ योजला. पुढे त्याचा अर्थ दानधर्मापुरता उरला आणि 1881 च्या सुधारित नव्या करारात तेथे ‘लव्ह’ आला. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘प्रीती’ आहे.

डार्लिंग : ‘डिअर’ला लाडिक प्रत्यय लागून झालेला शब्द.

रोमान्स : आधी लॅटिनऐवजी लोकभाषेत केलेले लेखन, मग त्या भाषेतल्या शूरवीरांच्या व प्रेमाच्या कथा, शेवटी प्रेमप्रकरण.

नगर जिल्ह्यातील संदर्भ : संस्कृत सोडून लोकभाषेत लिहिण्याचा मराठीतला थोर दाखला म्हणजे 1290 मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी. तिच्या पसायदानात स्नेहासाठी ‘मैत्र’ हा शब्द आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ठाणे केले. 1842 मध्ये तेथेच ‘ज्ञानोदय’ नियतकालिक निघाले. नगरला वास्तव्य केलेले कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी ख्रिस्ताच्या प्रेमासाठी अभंग आणि वारकऱ्यांची शब्दकळा वापरली.

मराठीतील वापर : बोलण्यात लव्ह, लव्ह मॅरेज, क्रश, ब्रेकअप हे शब्द रुळले, पण अर्थ आखडून. इंग्रजीत आईचे व देवाचे प्रेमही ‘लव्ह’च, मराठीत तो तरुण-तरुणींपुरता. आईची माया, नातवाचा लळा, शेजाऱ्यांचा जिव्हाळा यांची जागा त्याने घेतलेली नाही.