मुक्तागिरीची दरी आणि भातकुलीची वाट

मुक्तागिरी हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील दिगंबर जैन सिद्धक्षेत्र परतवाड्यापासून सुमारे 14 कि.मी.वर आहे. दरीत काळ्या कातळावरून पावसाळ्यात धबधबा कोसळतो आणि त्याच्या आजूबाजूला, वरखाली, 52 मंदिरे उभी आहेत. भातकुलीहून सकाळी निघालेला माणूस अमरावती, परतवाडा करत दुपारपर्यंत पायऱ्या चढून धबधब्यापाशी पोचतो आणि रात्री घरी परततो.

भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला, पेढी नदीकाठचा. जमीन सपाट आणि काळी. बराचसा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो, तिथे विहिरीचे पाणीही मचूळ लागते. उत्तरेला मात्र ही सपाटी एकदम संपते. गाविलगड रांगेच्या दक्षिण कडेला भूकवचात मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या एका बाजूला बेसाल्टचे थर उंच राहिले, दुसऱ्या बाजूला पूर्णेच्या गाळाने खोरे भरून गेले. त्या कडेवरून उतरणाऱ्या ओढ्यांनी दऱ्या कापल्या. मुक्तागिरीची दरी त्यांपैकीच एक.

मैदान आणि हा पायथा यांचा संबंध फार जुना आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट राज्यातील चर्मांक गाव 1000 ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. चर्मांक म्हणजे परतवाड्याला लागून असलेल्या अचलपूरजवळचे चम्मक. भोजकट म्हणजे भातकुली, असे वा. वि. मिराशींसह अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे पाचव्या शतकात अचलपूरचा हा परिसर भातकुलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यात होता.

दरीला तीर्थाचे रूप जैन परंपरेने दिले. ‘निर्वाणकांड’ या प्राकृत रचनेत अचलपूरच्या ईशान्येला मेंढागिरी शिखर सांगितले असून तिथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले, असे म्हटले आहे. मेंढागिरी नावामागे एक कथा आहे. ध्यानस्थ मुनींसमोर कड्यावरून एक मेंढा कोसळला. मुनींनी मरणाऱ्या जिवाच्या कानी णमोकार मंत्र घातला आणि तो देवगतीला गेला. धबधब्याजवळ डोंगरात कोरलेले मंदिर याच नावाने ओळखले जाते आणि ते इथल्या सर्वांत जुन्या मंदिरांपैकी मानले जाते.

बाकीची बहुतेक मंदिरे त्यामानाने अलीकडची, घुमटांची. स्थापत्याचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने 1876 च्या ग्रंथात स्पष्टच लिहिले की, यांतले एकेक देऊळ घडणीने फारसे लक्षणीय नाही. पण वास्तू आणि निसर्ग इतके एकजीव झालेली दुसरी जागा भारतात मिळणे कठीण. हा निवाडा आजही खरा आहे. मुक्तागिरीला येऊन नुसती शिखरे मोजणाऱ्याला दरी कळत नाही.

रस्ते होण्याआधी भातकुलीकडून इथवरचा प्रवास दमणीने होई आणि वाटेत मुक्काम पडे. भातकुलीतही आदिनाथाचे जुने दिगंबर क्षेत्र असल्याने काही भाविक दोन्ही दर्शने एकाच यात्रेत करतात. पुढे मूर्तिजापूर ते अचलपूर ही 76 कि.मी.ची नॅरोगेज रेल्वे आली आणि अचलपूरपर्यंतची वाट सोपी झाली. मुक्तागिरीच्या डोंगराची मालकी मात्र तेव्हा जैन समाजाकडे नव्हती. शिकारी आणि पादत्राणे घालून चढणारे लोक यांमुळे क्षेत्राचे पावित्र्य राहीना, म्हणून 1923 मध्ये अचलपूरचे नथुसा पासुसा कळमकर यांनी सहकाऱ्यांसह मंदिरांसकट डोंगर तत्कालीन मालक खापर्डे यांच्याकडून विकत घेतला. दरी एकाच देखरेखीखाली आली ती या खरेदीमुळे. तिच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना म्हणावी लागेल.

धबधबा पावसावर अवलंबून आहे. श्रावण-भाद्रपदात तो भरात असतो, उन्हाळ्यात कातळ कोरडा पडतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतरही मुक्तागिरी मध्य प्रदेशातच, बैतूल जिल्ह्यातील भैंसदेही तहसिलीत राहिली. तिचे सर्वांत जवळचे मोठे गाव मात्र महाराष्ट्रातले परतवाडा हेच आहे.