दफ्तर, तालीक आणि सर्व्हर : घरातल्या साठवणीचा इतिहास

१/
शिवरायांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३०. या तारखेचा एक महत्त्वाचा आधार राजवाड्यात किंवा सरकारी दफ्तरात नव्हे, तर भोरजवळच्या कारी गावी, जेधे देशमुखांच्या घरात सापडला. घरातल्या जुन्या कागदाने इतिहासातला एक मोठा वाद निकाली काढण्यास मदत केली. आज तेच काम करू शकणारे एक छोटे यंत्र घराच्या कोपऱ्यात बसते. हा धागा त्या घरगुती साठवण-सर्व्हरचा, म्हणजेच 'नॅस'चा, आणि त्याच्या फार जुन्या पूर्वजांचा. #धागा

२/
आधी ठिकाण. नांदगाव : नाशिक जिल्ह्याच्या पूर्व कडेचे तालुक्याचे गाव, मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचे जुने स्थानक. अशा गावातील एखाद्या घरात काय असते? आजोबांच्या नोकरीचे कागद, शेताचे उतारे, आजीची पत्रे, लग्नाचे अल्बम, एखादा मोडी कागद. आणि आता त्यात भर : चार-पाच मोबाइलमध्ये विखुरलेली हजारो छायाचित्रे. पत्र्याच्या पेटीला निदान जागा ठरलेली असते. या छायाचित्रांना तीही नसते.

३/
पुन्हा जेध्यांकडे. त्यांच्या घरची 'शकावली' लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत शिवजन्माची तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. एकट्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवावा? मग तंजावरच्या हस्तलिखितांत कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' सापडले, स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. तिथी तीच! राजस्थानात मिळालेल्या जन्मपत्रिकेतही तीच. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन नोंदींनी एकमेकींची साक्ष दिली.

४/
आता उलट उदाहरण. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. स्वराज्याच्या मध्यवर्ती दफ्तराचा मोठा भाग या धामधुमीत नष्ट झाला, असे इतिहासकार मानतात. गड दुर्गम होता, पहारे होते, दफ्तरखाना शिस्तीचा होता. तरीही एकाच ठिकाणी असलेले एकाच वेळी गेले. शिवकाळाविषयी आज जे अस्सल कागद हाती आहेत, त्यांतील पुष्कळसे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्या घरांतून आलेले आहेत.

५/
हे कागद घरोघर का होते? त्यामागे एक पद्धत होती. इनामाच्या किंवा वतनाच्या जुन्या पत्रांच्या शेवटी बहुधा एक आज्ञा आढळते : या पत्राची 'तालीक', म्हणजे नक्कल, लिहून ठेवावी आणि अस्सल पत्र धारकास परत द्यावे. म्हणजे अस्सल धारकाच्या घरी, तालीक अधिकाऱ्याच्या दफ्तरी. एक जळाले तर दुसरे उरावे. 'बॅकअप' हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी मराठी कारकुनाला ही युक्ती ठाऊक होती.

६/
या घरगुती दफ्तरांचे मोल ओळखणाऱ्यांत अग्रणी होते वि. का. राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला; पुढे २२ खंड झाले. गावोगाव हिंडून, पेट्या उघडवून त्यांनी कागद मिळवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात, म्हणजे नांदगावाच्या उत्तरेला फार दूर नसलेल्या शहरात, त्यांचे निधन झाले. तेथील राजवाडे संशोधन मंडळ आजही त्यांचे नाव चालवते.

७/
आता कागदाकडून डिस्ककडे. १९५६ मध्ये आयबीएमने फिरत्या चकत्यांवर माहिती साठवणारे पहिले व्यापारी यंत्र आणले. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, आणि क्षमता सुमारे ५० लाख अक्षरे. आज एका ए-फोर पानाचे ३०० डीपीआयचे रंगीत स्कॅन, संकोचन न करता, सुमारे २६ मेगाबाइट होते. म्हणजे त्या कपाटाएवढ्या यंत्रात आजोबांच्या पत्राचे एक पानही मावले नसते.

८/
साठवण एका संगणकात आणि वापर दुसऱ्याकडून, ही सोय १९८० च्या दशकात रुळली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये 'एनएफएस' आणले. १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने लिहिलेल्या आज्ञावलीतून 'सांबा' जन्मले. त्यामुळे युनिक्स आणि विंडोज एकमेकांच्या फाइली पाहू लागले. २००५ मध्ये 'फ्रीनॅस' आले आणि जुन्या संगणकाचाही साठवण-सर्व्हर करता येऊ लागला. या साखळीतील बरेचसे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते.

९/
दरम्यान बर्कले विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये 'रेड'वरील निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक कल्पना सोपी आहे. पहिल्या डिस्कवर ७, दुसरीवर ५, तिसरीवर त्यांची बेरीज १२. दुसरी डिस्क गेली तरी १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांचे गणित असते, तत्त्व मात्र हेच. दोनच डिस्क असतील तर सरळ आरसा : जे एकीवर, तेच दुसरीवर.

१०/
येथेच बहुतेकांची फसगत होते. आरसा म्हणजे तालीक नव्हे! एका डिस्कवरची फाइल चुकून पुसली, तर दुसरीवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. वीज कोसळली, चोरी झाली, पाणी शिरले, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात, कारण दोन्ही एकाच डब्यात आहेत. 'रेड' डिस्क बिघडल्यावर यंत्र चालू ठेवते. मालकाच्या चुकीपासून किंवा आगीपासून ते वाचवत नाही. दोन डिस्कचा सर्व्हर हा शेवटी एकच रायगड आहे.

११/
याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९९८ चे. पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २'चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता, हे त्या दिवशी कळले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत, म्हणून एक प्रत तिथे होती. प्रचंड यंत्रसामग्री हरली आणि घरातली तालीक कामी आली.

१२/
छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम हेच सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. नांदगावातील घरासाठी याचा अर्थ काय? पहिली प्रत सर्व्हरवर. दुसरी, एरवी काढून ठेवलेल्या बाह्य डिस्कवर. तिसरी, नाशिक, पुणे किंवा मुंबईतील नातेवाइकाच्या घरी. सेकंदाला २० मेगाबिट वेगाने एक टेराबाइट पाठवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. नांदगाव स्थानकावरून गाडीत बसलेली, पिशवीतली डिस्क त्याच दिवशी पोहोचते. पहिली मोठी प्रत रेल्वेने, नंतरची थोडी थोडी भर इंटरनेटने.

१३/
उभारणी अवघड नाही. दोन डिस्कचे तयार यंत्र किंवा जुना संगणक. अखंड चालण्यासाठी बनवलेल्या दोन सारख्या क्षमतेच्या डिस्क. राउटरला वायरने जोडणी. दहा हजार पाने संकोचन न करता स्कॅन केली तरी सुमारे २६० गिगाबाइट होतात. सामान्य घराला चार टेराबाइट पुष्कळ. जागा निवडताना नांदगावचा उन्हाळा आठवावा : पत्र्याखालचा माळा नको, बंद कपाट नको. लहान यूपीएस मात्र हवाच, आणि वीज गेल्यावर यंत्र स्वतःहून नीट बंद होईल अशी जोडणी हवी. लिहिता लिहिता वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते.

१४/
उभारणी एका दिवसाची, देखभाल वर्षानुवर्षांची. दफ्तराचे रुमाल अधूनमधून सोडून, वाळवी पाहून पुन्हा बांधावे लागत. डिस्कचेही तसेच :
– महिन्यातून एकदा 'स्क्रब' : प्रत्येक फाइल वाचून ती मूळ खुणेशी जुळते का, याची तपासणी.
– डिस्कच्या प्रकृतीचे इशारे ईमेलवर येतील अशी व्यवस्था.
– सहा महिन्यांतून एकदा, बाहेरच्या प्रतीतून काही फाइली खरोखर परत काढून पाहणे.
– सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, आणि सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवणे. २०२१-२२ मध्ये 'क्यूलॉकर' आणि 'डेडबोल्ट' या खंडणीखोर आज्ञावलींनी अशीच उघडी यंत्रे गाठून फाइली कुलूपबंद केल्या होत्या.

१५/
एक धोका यंत्राच्या पलीकडचा आहे. पेशवे दफ्तरातील लक्षावधी मोडी कागद सुखरूप आहेत. पण विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि ते वाचणारे विरळ झाले. कागद उरला, वाचक गेला. पासवर्ड एकालाच माहीत असलेला सर्व्हर हीच गोष्ट पुन्हा घडवतो. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीकडे सोपवावा. फाइलींना वर्ष, व्यक्ती, गाव अशी नावे द्यावीत. 'आयएमजी ००३४' हे नाव पन्नास वर्षांनी कोणाला काय सांगणार?

१६/
आणि अस्सल फेकून देऊ नये. स्कॅन झाले म्हणून आजीची पत्रे रद्दीत घालणे, हा तालीक ठेवून अस्सल जाळण्याचा प्रकार आहे. कागदाचा पोत, शाई, घडी, मागच्या बाजूचा हिशेब हेही पुरावेच असतात.

१७/
कारीच्या घरात ज्यांनी तो कागद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांना आपण इतिहास वाचवीत आहोत हे बहुधा ठाऊकही नसेल. त्यांनी फक्त तो टाकून दिला नाही. नांदगावच्या कोणत्या पेटीत, कोणत्या मोबाइलमध्ये उद्याचा पुरावा आहे, हे आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून निवड करीत बसू नये. या रविवारी एक पेटी उघडावी, एक अल्बम स्कॅन करावा, आणि त्याची एक तालीक घराबाहेर पाठवावी. सर्व्हर नंतर घेतला तरी चालेल.

(धागा समाप्त)