पावसाची वही आणि पुराची खूण

अंबरनाथ शहरात आता पुरते मिसळून गेलेले मोरिवली हे गाव दोन नद्यांमधल्या पट्ट्यात आहे. एका अंगाला अंबरनाथच्या प्राचीन शिवालयावरून उल्हासनगरकडे जाणारी वालधुनी, तर दुसऱ्या अंगाला कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी वाट काढीत येणारी उल्हास. आपल्यापैकी जी कुटुंबे वसईकडची आहेत, त्यांना ही उल्हास परकी नाही. तीच पुढे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. या पट्ट्यात पुराचा विषय निघाला की दोन मते ऐकू येतात. ‘असा पाऊस पूर्वी कधी पडलाच नव्हता,’ असे एक म्हणतो. ‘पाऊस तोच आहे, नाले बुजवले म्हणून पाणी घरात शिरते,’ असे दुसरा म्हणतो. दोघांनाही आपले म्हणणे निर्विवाद वाटते. पावसाच्या जुन्या नोंदी मात्र या दोघांपैकी कोणालाही पूर्ण कौल देत नाहीत.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्या देशात फार जुनी. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारापाशी विशिष्ट मापाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असा नियम आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो, हेही तेथे दिले आहे : गोदावरीकाठच्या अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस. अपरान्ताची, म्हणजे आपल्या कोकणाची पाळी आली तेव्हा मात्र ग्रंथकर्त्याने आकडा दिला नाही. तेथील पाऊस अमर्याद आहे एवढेच सांगून तो पुढे गेला. ही केवळ अतिशयोक्ती नसावी. शेतसारा ठरवण्यासाठी ज्याला माप हवे होते, त्याला कोकणात मापाचा उपयोगच दिसला नसेल. युरोपात गॅलिलिओचे शिष्य बेनेडेट्टो कास्तेली या बेनेडिक्टाइन संन्याशाने 1639 मध्ये भांडे ठेवून पाऊस मोजला आणि तो प्रयोग आपल्या गुरूला पत्राने कळवला. पण कोकणाचा ‘अमर्याद’ पाऊस वहीत उतरायला आणखी दोन शतके जावी लागली.

तोवर ज्या नोंदी मिळतात, त्या आपत्तीच्या. मे 1618 मध्ये वसईवर मोठे वादळ कोसळले. समुद्र शहरात घुसला, चर्चच्या इमारतींची छपरे उडाली, माड उन्मळून पडले, असे वृत्तान्त पोर्तुगीज काळातून आपल्यापर्यंत आले आहेत. ते मोलाचे आहेत; परंतु त्यांत विनाशाचे वर्णन आहे, पाण्याचे माप नाही. शिवाय जे वर्ष सुरळीत गेले त्याविषयी कोणीच काही लिहीत नाही. अशा साहित्यावरून ‘पूर वाढले की घटले’ हे ठरवू गेल्यास फसगत ठरलेली.

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये कुलाब्यास वेधशाळा उभारली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील पावसाची अखंड नोंद सुरू झाली. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय फादर युजीन लाफाँ यांनी आपल्या निरीक्षणांच्या आधारे 1867 च्या वादळाची आगाऊ सूचना दिली होती. पुढे 1875 मध्ये सरकारने हवामान खाते स्थापन केले. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पाऊसमान तालुकावार दिलेले आहे. हे आकडे इंच आणि सेंट यांत आहेत.

आता वही कशी लिहितात ते पाहावे, कारण गैरसमज येथूनच सुरू होतात. पर्जन्यमापकातले पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि मागल्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे मांडतात. पुराला दिवसाशी देणेघेणे नसते, त्याला तासांशी असते. दोनशे मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिमत पडला तर नाला तो वाहून नेतो. तेवढाच तीन तासांत कोसळला तर उंबरठा ओलांडतो. वहीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

26 जुलै 2005 चे उदाहरण घ्यावे. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944.2 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातला फार मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत पडला. त्याच काळात कुलाब्यास पडला तो 73.4 मिलिमीटर! मुंबईची सर्वांत जुनी वही त्या दिवशी पावसाळ्यातला एक साधा दिवस दाखवते. कुलाब्याचा एका दिवसाचा उच्चांक 575.6 मिलिमीटरचा असून तो 5 जुलै 1974 चा आहे. एकाच शहरात एवढी तफावत, तर कुलाब्याच्या आकड्यावरून मोरिवलीचा पूर कसा समजावा? उल्हासचे तर आणखी निराळे. बदलापूरला जे पाणी चढते त्यातले बरेचसे कर्जतच्या वर, घाटाच्या उतारावर पडलेले असते. मोरिवलीत आकाश थोडे उघडले असतानाही नदी वाढत राहू शकते. खाली कल्याणला भरती असली तर ती आणखी अडते.

म्हणून एका ठिकाणच्या वहीऐवजी शेकडो ठिकाणच्या वह्या एकत्र वाचाव्या लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये मध्य भारताच्या 1951 ते 2000 या काळातील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाळ्याची सरासरी फारशी बदललेली नाही. मात्र दिवसाला शंभर मिलिमीटरहून अधिक पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे घटले, असे त्यांना आढळले. त्याच संस्थेतील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले की 1950 पासून 2015 पर्यंत विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. या दुसऱ्या अभ्यासाच्या प्रदेशात महाराष्ट्राचाही भाग येतो. म्हणजे ‘पाऊस तोच आहे’ हे बेरजेपुरतेच खरे आहे. पडण्याची रीत बदलली आहे.

तरीही पहिल्या पक्षाने विजय मानू नये. 1854 मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत आला, 1856 मध्ये तो या गावांवरून खोपोलीपर्यंत गेला, आणि त्याचा भराव पाण्याच्या वाटेत आडवा पडला. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. 1949 मध्ये उल्हासनगर वसले. पाठोपाठ कारखाने आले, मोरिवलीची औद्योगिक वसाहत आली, भातखाचरांवर इमारती चढल्या. भातखाचर बांध घालून पाणी धरते. काँक्रीट एक थेंबही धरत नाही. वालधुनीचे पात्र भरावाने आणि कचऱ्याने आकसत गेले. तेव्हा पूर्वीएवढाच पाऊस पडला तरी पाणी आज अधिक लवकर आणि अधिक उंच चढणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. शके 982 चा लेख असलेले अंबरनाथचे देऊळ काठावर आजही उभे आहे, त्यावरून काही जण येथे पूर्वी पूरच नव्हते असे म्हणतात. पण त्या दगडी देवळावर पुराच्या पाण्याचा काय परिणाम व्हायचा? विटांच्या चाळीचे तसे नाही.

26 जुलै 2005 नंतर 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जुलै 2021 मध्ये बदलापुरात पुन्हा पाणी शिरले. सोळा वर्षांत तीन वेळा!

शासनाच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकले की आपण निश्चिंत होतो. त्याचा खरा अर्थ, दर वर्षी शंभरात एक अशी शक्यता, एवढाच. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हिशेब मांडला तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा 18 भरते. निळ्या रेषेच्या पुराची शेकडा 56. हा हिशेबही भूतकाळ पुढे तसाच चालेल असे धरून केलेला आहे, आणि वर सांगितलेले अभ्यास नेमके तेच गृहीत नाकारतात. बांधकाम व्यावसायिकाच्या रंगीत पुस्तिकेत स्विमिंग पूल दिसतो, ही रेषा क्वचितच दिसते.

जुन्या घरांच्या भिंतींवर 2005 च्या पाण्याची तपकिरी रेघ बरीच वर्षे होती. ती तारीख घालून, जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवली असती, तर सरकारी वहीत नसलेली गल्लीगल्लीची नोंद आपोआप तयार झाली असती. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद पिढ्यानपिढ्या जपणाऱ्या आपल्या धर्मग्रामांना हे काम अवघड नाही. पुष्कळ घरांत दिवाळी-नाताळच्या रंगकामात ती रेघ गेली. काही घरांत कपाटामागे, जिन्याखाली ती अजून सापडते.