खेळातलं मरण आणि हसू

दिवाळीच्या सुट्टीत नातवाचे चार मित्र आमच्याकडे खेळायला जमले होते. खेळ कुठला, तर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे. एकजण डन्जन मास्टर, म्हणजे सूत्रधारच म्हणा. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र वठवतात, आणि नेम लागला की चुकला ते फासा ठरवतो. मी आपली चकल्या पुरवत होते. तेवढ्यात एका मुलाचा योद्धा मेला. वर्षभर जपलेलं पात्र हो! दुसऱ्याने लगेच त्यावर कोटी केली, सगळे खो खो हसले, आणि तो मुलगा फासे गोळा करून मुकाट्याने घरी गेला.

“आजी, खेळच तर होता!” नातू म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

मी पडले इतिहासाची मास्तरीण. मला राहवेना. थोडं त्याला विचारून, थोडं वाचून या खेळाची कुळकथा गोळा केली.

मूळ मोठं गंभीर आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ आला. फासे आणि पंच त्यातही होते. पुढे अशा खेळांना हौशी मंडळी मिळाली. अमेरिकेत डेव्ह आर्नेसन १९७१ पासून प्रत्येक गड्याला एकेक पात्र देऊन खेळ चालवू लागला. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. पहिल्या प्रती फक्त १०००.

पण गंमत बघा. या गायगॅक्सने राक्षस म्हणून टेबलावर मांडायला प्लास्टिकचे स्वस्त, चित्रविचित्र प्राणी आणले होते. त्यातल्याच एका ध्यानाचा ‘रस्ट मॉन्स्टर’ झाला. तो शिवला की लोखंड गंजून जातं. दिसायला हास्यास्पद, पण ज्याचं चिलखत गेलं त्याला विचारा! १९८३ मध्ये तर गायगॅक्सने ॲलिसच्या अद्भुतनगरीवर दोन साहसं छापली. वरून पोरखेळ, आत जीवघेणी. म्हणजे हसू आणि भीती या खेळात पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदताहेत.

मग बिघडतं कुठे? याचं उत्तर मला त्यानंतरच्या तीन खेळांत सापडलं. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये भयंकर काही दिसलं की पात्राचं मनःस्वास्थ्य आकड्यांनी घटत जातं. तिथे विनोद बेतानेच चालतो. १९८४ च्या ‘टून’मध्ये सगळी पात्रं कार्टूनमधली. त्यांना मरणच नाही. आपटलं की तीन मिनिटं बाहेर बसायचं आणि परत यायचं. त्याच वर्षीच्या ‘पॅरानोया’मध्ये एक वेडसर संगणक राज्य करतो आणि पात्रं माश्यांसारखी मरतात. पण प्रत्येकाला हुबेहूब प्रतिरूपं धरून सहा जीव, म्हणून मरणाचंही हसू येतं. ‘टून’ आणि ‘पॅरानोया’ या दोन्हींच्या कर्त्यांत ग्रेग कॉस्टिकियन होता, हे मला विशेष वाटलं.

या तिघांनी एकच गोष्ट आधी ठरवून टाकली आहे: मरणाची किंमत किती. ती कळली की कधी हसायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हसणं-रडणं किती, ते ज्या त्या टेबलावर ठरतं. आमच्या टेबलावर चारजण ‘टून’च्या मनाने बसले होते आणि एकजण फार मनापासून.

हे मी नातवाला सांगितलं. त्याने मित्राला फोन केला. पुढच्या रविवारी खेळाआधी त्या योद्ध्याची आठवण काढायची ठरली. एकेकाने त्याचे पराक्रम सांगितले. शेवटी तो मुलगाच म्हणाला, “आणि एकदा तो खजिना समजून कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला होता, ते विसरलात का?” सगळे पुन्हा खो खो हसले. तोही.

तेच हसू, पण या वेळी ज्याचं गेलं होतं त्याने सुरू केलेलं.

वर्गात भलत्या वेळी हसली म्हणून मी कितीतरी पोरं बाहेर उभी केली आहेत. पण आधी कुणाचं काय मोडलंय, ते त्यांना कधी सांगितलं नाही. असो. चकल्या मात्र दोन्ही रविवारी संपल्या!